विहिरीतून तेल येत नाही

एक रुपयाची नोट हल्ली व्यवहारात दिसत नाही. दिसली तर अहेराच्या पाकिटात, शंभराचे एकशे एक करायला. पुढच्या वेळी हातात आली तर तिची मागची बाजू नीट बघा. समुद्रात पाय रोवून उभं असलेलं एक लोखंडी धूड तिथे छापलेलं आहे. ती 'सागर सम्राट', जपानमध्ये मित्सुबिशीने बांधलेली, तेलविहिरी खोदायची रिग. १९७४ च्या फेब्रुवारीत या रिगला मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडीत तेल लागलं. त्याआधी चारच महिने अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली होती आणि बघता बघता पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला होता. अशा वेळी घराजवळ तेल सापडणं म्हणजे काय, याचा आज अंदाज येणं जरा कठीण आहे. नोटेवर चित्र यावं एवढा तो आनंद होता.

पण 'तेल लागलं' हे वाक्य तसं अर्धवटच. विहिरीतून नुसतं तेल कधी येत नाही. जे येतं त्यात कच्चं तेल असतं, त्यात विरघळलेला आणि वर येता येता सोड्यासारखा फसफसून सुटणारा वायू असतो, खारं पाणी असतं, बारीक वाळू असते, मेण असतं, आणि नशीब वाईट असेल तर हायड्रोजन सल्फाइडही असतो, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा जीवघेणा वायू. हा सगळा काला दाबाखाली, गरमागरम, एकाच पाइपातून उसळत वर येतो. या अवस्थेत तो कुणालाच नको असतो. रिफायनरीला पाणी आणि मीठ चालत नाही, गॅसच्या पाइपलाइनला पाणी चालत नाही आणि समुद्रात तेल सोडलेलं चालत नाही. तिघांना एकमेकांपासून सोडवावंच लागतं.

मी पोटापाण्यासाठी डेटा पाइपलाइनी लिहितो. आमच्याकडेही कौतुक होतं ते मॉडेलचं, आणि आठवड्यातले चार दिवस जातात डेटातला कचरा उपसण्यात. त्यामुळे असेल कदाचित, पण मुंबई हायबद्दल वाचायला लागलो तेव्हा शोधाच्या भागापेक्षा त्यानंतरच्या सोडवणुकीच्या भागाने मला जास्त धरून ठेवलं. त्यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. आणि मुंबई हायवर माणसं मेली ती या सोडवणुकीच्या जागी.

सोडवणुकीची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे काहीही न करणं. १८५९ मध्ये एडविन ड्रेकने पेन्सिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला विहीर खोदली आणि अमेरिकेत तेलाचा धंदा उभा राहिला. त्या काळातलं तंत्र साधं होतं. निघेल ते लाकडी टाकीत ओतायचं आणि थांबायचं. वायू आपोआप उडून जातो (आणि कधीकधी जाता जाता सगळंच पेटवून जातो), पाणी तळाला बसतं, तेल वर तरंगतं. वरचं तेल काढून घ्यायचं, तळाचं पाणी सोडून द्यायचं. कुठे सोडायचं हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नसे. जवळचा ओढा असे.

थांबायचं किती, याचं गणित ड्रेकच्या आधीच तयार होतं. १८५१ मध्ये जॉर्ज स्टोक्सने द्रवात बुडणाऱ्या लहान गोळ्याचा वेग किती असतो ते मांडलं. त्यातली मेख अशी की वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. व्यास दहापट कमी, तर वेग शंभरपट कमी. मी बऱ्यापैकी हलकं तेल धरून ढोबळ हिशोब करून पाहिला. १०० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब तेलातून एक मीटर खाली यायला तास-सव्वा तास घेतो. १० मायक्रॉनचा थेंब घेतो पाच दिवस. आणि विहिरीच्या तोंडाशी दाब कमी करणाऱ्या झडपेतून जाताना सगळा काला इतका घुसळला जातो की बारीक थेंबांची कमतरता कधी नसते. त्यात तेलातलीच काही जड द्रव्यं प्रत्येक थेंबाभोवती साय धरतात. दोन थेंब एकमेकांवर आपटले तरी मिसळत नाहीत. याला इमल्शन म्हणतात. मग पाच दिवस सोडा, पाच महिने ठेवलं तरी ते तसंच चॉकलेटी, चिकट राहतं.

ज्यांच्या घरी अजून लोणी कढवतात त्यांना यावरचा पहिला उपाय माहीत आहे. लोण्यात पाणी अडकलेलं असतं. आच दिली की ते सुटतं, तडतडत उडून जातं, तूप मोकळं होतं आणि तळाला बेरी उरते. तेलवाल्यांनीही हेच केलं. इमल्शन तापवलं की तेल पातळ होतं, थेंब भराभर उतरतात. फक्त त्यांच्याकडे कढई हजारो पिंपांची, आत ज्वालाग्राही माल आणि खाली जाळ. शिवाय तापवलं की तेलातला हलका, महाग भाग वाफ होऊन निघून जातो. बेरी खायचीही सोय नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगाच्या आसपास असं न फुटणारं इमल्शन भरपूर निघत होतं. तिथे फ्रेडरिक कॉट्रेलचा प्रवेश होतो. हा बर्कलीतला रसायनशास्त्राचा प्राध्यापक. कारखान्याच्या धुराड्यातले कण विजेने खाली पाडायचं यंत्र त्याने नुकतंच बनवलं होतं. आजही कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांत राख पकडायला तेच तत्त्व वापरतात. धुरात चालतं ते तेलात का चालू नये, असा विचार करून त्याने बकनर स्पीड नावाच्या सहकाऱ्याबरोबर इमल्शनमधून उच्च दाबाची वीज सोडून पाहिली. तेलातून वीज जवळजवळ वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून वाहते. विजेच्या क्षेत्रात पाण्याच्या प्रत्येक थेंबाच्या दोन टोकांवर विरुद्ध भार जमतात, शेजारशेजारचे थेंब एकमेकांकडे ओढले जातात, साय फाटते, थेंब जुळून मोठे होतात. मोठे झाले की पुढचं काम स्टोक्सचं. १९११ मध्ये त्यांना पेटंटं मिळाली. कॉट्रेल माणूस म्हणूनही मजेदार होता. धुराच्या पेटंटांची कमाई स्वतःकडे न ठेवता त्याने १९१२ मध्ये त्यातून 'रिसर्च कॉर्पोरेशन' ही संस्था उभी केली, आणि तिच्या पैशांतून पुढे अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनलाही मदत झाली. स्टार्टअपच्या जमान्यात हे वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं.

दुसरा उपाय रसायनाचा. सेंट लुइसच्या विल्यम बार्निकेलने १९१४ मध्ये पेटंट घेतलं ते इमल्शनमध्ये चक्क हिराकस टाकायचं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. पुढे त्याने जास्त चांगली, साबणाच्या कुळातली द्रव्यं शोधली आणि त्यावर मोठा धंदा उभारला. हजार पिंपांत थोडंसं औषध घातलं की साय विरघळते. जगभरच्या तेलक्षेत्रांत आजही त्या औषधांचे वंशज थेंबाथेंबाने सोडले जातात. त्यांचं नाव डीइमल्सिफायर.

टाकी, जाळ, वीज, औषध. अमेरिकेत हे सगळं जमिनीवर घडलं, आणि जमिनीवर एक गोष्ट भरपूर होती, जागा. तेल लवकर सुटत नसेल तर आणखी एक टाकी बांधा. तिथे जागा देऊन वेळ विकत घेता येत होता. समुद्रात तसं करता येत नाही. तिथे प्रत्येक चौरस मीटर लोखंडाच्या पायांवर तोलून धरावा लागतो. पाच दिवस थांबायला टाकी ठेवणार कुठे? म्हणजे जे काम जमिनीवर वेळ करतो ते समुद्रात दाब, उष्णता, वीज, रसायनं आणि फिरती यंत्रं यांच्याकडून काही मिनिटांत करून घ्यायचं. आणि ही सगळी यंत्रं माणसं झोपतात तिथून हाकेच्या अंतरावर ठेवायची.

मुंबई हायचं उत्पादन २१ मे १९७६ ला सुरू झालं. शोधानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांत, समुद्रातला काडीचा अनुभव नसलेल्या देशात. हे खरोखर मोठं काम होतं. पण तेव्हा किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन नव्हती. तेल समुद्रात तरंगणाऱ्या बोयाला बांधलेल्या टँकरमध्ये भरून आणत. गॅस असा साध्या टँकरमध्ये भरता येत नाही, त्यामुळे तो तिथेच जाळून टाकत. १९७८ मध्ये उरणपर्यंत दोन पाइपलाइनी आल्या, तेलासाठी ३० इंची आणि गॅससाठी २६ इंची, प्रत्येकी सुमारे दोनशे किलोमीटर. मिठागरं, भातशेती आणि मासेमारीचं उरण त्यानंतर बदललं ते कायमचं. तिथे तेल आणखी स्थिर करणारी, गॅसमधून स्वयंपाकाचा एलपीजी काढणारी, गॅसमधले आम्ल वायू धुऊन काढणारी युनिटं आली. १९८२ मध्ये वीज मंडळाचं गॅसवर चालणारं वीज केंद्र उरणला सुरू झालं. थळचा खतकारखानाही याच गॅसवर उभा राहिला. आपल्या आईवडिलांच्या पिढीत शेतात युरिया आणि ओट्याखाली सिलेंडर आला, त्यात या पाइपांचा मोठा वाटा आहे.

गॅस दोनशे किलोमीटर पाठवायचा तर तो आधी कोरडा करावा लागतो, आणि याचं कारण सापडलं ती गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत १९३० च्या सुमारास गॅसच्या लांब पाइपलाइनी अधूनमधून तुंबायच्या. बर्फ झाला असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. १९३४ मध्ये हॅमरश्मिट नावाच्या रसायनतज्ज्ञाने दाखवलं की तो बर्फच नव्हे. दाब पुरेसा असेल तर पाण्याचे रेणू मिथेनच्या रेणूंभोवती पिंजरा करून घट्ट बसतात, तेही शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला. त्याला हायड्रेट म्हणतात. दिसायला बर्फ, पण काडी लावली तर पेटणारा. पाइपात पाणी राहिलं तर हायड्रेटची भीती, आणि गॅसमधला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळून पाइप आतून खातो ते वेगळंच. म्हणून प्लॅटफॉर्मवरच उंच टॉवरमध्ये गॅस खालून वर आणि ग्लायकॉल वरून खाली सोडतात. ग्लायकॉल पाणी शोषून घेतं, मग त्याला तापवून पाणी उडवायचं आणि तेच ग्लायकॉल पुन्हा वापरायचं. रात्रंदिवस हेच चक्र.

हे सगळं करायला १९८१ मध्ये उत्तरेकडच्या भागात सातमजली प्लॅटफॉर्म उभा राहिला, बॉम्बे हाय नॉर्थ, तेलवाल्यांच्या भाषेत बीएचएन. आजूबाजूच्या विहिरींच्या छोट्या प्लॅटफॉर्मवरून समुद्रतळावरच्या पाइपांतून काला इथे यायचा. तिथे सेपरेटर, म्हणजे आडव्या पडलेल्या गॅसच्या टँकरसारखी लोखंडी पात्रं. काला आत शिरताना पत्र्यावर आपटतो, गॅस सुटून वर जातो, तारांच्या जाळीतून जाताना त्यातले उरलेसुरले थेंब गळतात. खाली तेल आणि पाणी थरांनी बसतं, तेल बंधाऱ्यावरून पलीकडे सांडतं, पाणी खालून निघतं. हे सगळं काही मिनिटांत. पातळी थोडी वर गेली तर तेल गॅसच्या पाइपात, थोडी खाली गेली तर गॅस तेलाच्या पाइपात. दोन्ही वाईट. सुटलेला गॅस दाबून काही उरणला आणि काही परत विहिरींकडे पाठवायचा, कारण विहिरीत खाली गॅस सोडला की तेलाचा स्तंभ हलका होऊन वर येतो. याला गॅस लिफ्ट म्हणतात. ही कामं करणारी माणसं पुलाने जोडलेल्या शेजारच्या राहत्या प्लॅटफॉर्मवर झोपायची. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी.

आता पाणी. क्षेत्र म्हातारं होतं तसं विहिरीतून तेल कमी आणि पाणी जास्त यायला लागतं. त्यात खडकातला दाब टिकवायला आपण स्वतः वरून समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून आत ढकलतो, तेही फिरून वर येतं. म्हणजे उतारवयात तेलक्षेत्र मुख्यतः पाणी गाळायचा कारखाना होतं. तेलात पाणी नको म्हणून आटापिटा केला, आता पाण्यात तेल नको म्हणून करायचा, आणि पाण्यातले तेलाचे थेंब आणखी बारीक. यावरचा चांगला उपाय इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन थ्यू आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून काढला, हायड्रोसायक्लोन. लांब, निमुळती नळी. पाणी तिच्यात कडेने जोरात सोडायचं की भोवरा तयार होतो, जड पाणी भिंतीला चिकटतं, हलकं तेल मधल्या रेषेत गोळा होऊन मागच्या बाजूने निघतं. आत एकही हलता भाग नाही. ऐंशीच्या दशकात ही नळी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर आली आणि टाकीतले तास सेकंदांवर आले. आपल्याकडचा नियम सांगतो की सोडलेल्या पाण्यात ९५ टक्के वेळा तेल लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि कधीच १०० च्या वर नको. सर्व्हरचा पी-९५ बघत बसणाऱ्यांना हा नियम कुणी लिहिला असेल याचं कौतुक वाटेल.

२६ जुलै २००५ ला मुंबईत काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकलमध्ये काढलेली रात्र, प्रत्येक घरात एक तरी किस्सा. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, समुद्रात काय झालं ते मात्र फार थोड्यांना आठवतं.

त्या दिवशी 'समुद्र सुरक्षा' हे पाणबुड्यांच्या कामाचं जहाज बीएचएनच्या जवळ होतं. जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. हवा इतकी खराब की हेलिकॉप्टर मिळत नव्हतं. त्याला क्रेनच्या बास्केटमधून प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आणावं लागलं. या खटाटोपात, दुपारी चारच्या सुमाराला, खवळलेल्या समुद्रात जहाजाचं हेलिपॅड प्लॅटफॉर्मच्या कडेच्या उभ्या पाइपावर आदळलं. तो पाइप गॅस लिफ्टचा होता. विहिरीतून आलेला, सोडवलेला, दाबून परत निघालेला गॅस. गळती झाली, गॅस पेटला. शेजारचे पाइप त्या आगीत एकेक करून फुटले. साधारण दोन तासांत सातमजली बीएचएन समुद्रात गेला. पुलाने जोडलेल्या इतर प्लॅटफॉर्मवर, शेजारच्या रिगवर आणि जहाजावर मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली. २२ गेली, त्यातल्या ११ जणांचे मृतदेह मिळालेच नाहीत. जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद खोलीत होते. खोल पाण्यातल्या कामासाठी शरीर त्या दाबाला सरावलेलं असतं, दार उघडून एकदम बाहेर येणं म्हणजे मरण. जहाज पेटलेलं असताना ते आतच राहिले. ३६ तासांनी त्यांना बाहेर काढता आलं. जहाज नंतर बुडालं.

पाइप बाहेरच्या बाजूला, जहाजाच्या टप्प्यात का होते, त्यांना संरक्षण का नव्हतं, वाऱ्याच्या बाजूने जायची वेळ का आली, हे प्रश्न सुरक्षेच्या वर्गांत आज शिकवले जातात. माझं मत विचाराल तर यातला एकही प्रश्न विहीर खोदण्याचा नाही. विहिरी त्या दिवशी शाबूत होत्या, सुरक्षा झडपांनी बंद झाल्या होत्या. खडकातलं तेल जागच्या जागी होतं. तरी देशाच्या उत्पादनाला मोठं भगदाड पडलं, कारण काला वर आला तरी त्याला सोडवायला जागाच उरली नव्हती. पुढचे महिने काम चाललं ते पाइप वळवून तो काला शेजारच्या इतर प्रक्रिया प्लॅटफॉर्मपर्यंत पोचवण्याचं.

आणि नोटेवरची ती रिग? 'सागर सम्राट' कितीतरी वर्षं विहिरी खोदत राहिली, मग तिला दुसऱ्या कामासाठी बदलायचं ठरलं. ते काम बरंच रखडलं. अखेर २०२२ च्या डिसेंबरात ती मुंबईच्या पश्चिमेला, साधारण १४० किलोमीटरवरच्या डब्ल्यूओ-१६ या क्षेत्रात पुन्हा उभी राहिली, मोबाइल ऑफशोअर प्रॉडक्शन युनिट म्हणून. आता ती खोदत नाही. विहिरींतून येणारा काला तिच्यावर येतो, आणि दिवसाला २०,००० पिंपांपर्यंत तेल सोडवायची तिची क्षमता आहे.